डबल मेंबर

अमेय, सई,

गेल्या रविवारी फोनवर अमेयने विचारलं, की त्याच्या ऑफिसात सिगारेट ओढणाऱ्यांकडून आरोग्य विम्याचे जास्त पैसे घेतात, तर आजी, तुला हे बरोबर वाटतं का? मी "मग बोलू" म्हणून विषय बाजूला सारला. गॅसवर दूध होतं हे एक कारण. दुसरं असं, की या प्रश्नाचा मला मनापासून शीण आला आहे. तुम्ही दोघं जन्मालाही आला नव्हतात तेव्हापासून आमच्या घरात यावर खल झाला. तो करणारी माणसं एकेक करून गेली आणि प्रश्न मात्र टुणटुणीत राहिला. आता तो समुद्र ओलांडून फोनवर येऊन पोचला. फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यात अर्थ नाही, म्हणून एकदा शिस्तीत लिहून काढते. माझे डोळे हल्ली दुपारच्या उजेडापुरतेच चालतात, तेव्हा हे बसत उठत लिहिलेलं आहे असं समजा. अमेयने हा प्रश्न नेमका आताच का विचारला असेल, याबद्दल मी कोणताही तर्क करत नाही.

विडी-काडी करणाऱ्यांनी जास्त पैसे भरलेच पाहिजेत, असं म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण त्या मतासाठी भर बैठकीत सख्ख्या मेहुण्यांशी भांडणारा, आणि भांडण रंगात आलं की बाहेर जाऊन बिडी ओढून परत भांडायला येणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला. ते म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो आणि त्यांना आबा म्हणत असू. आबांचं गाव शिरपूरकडचं, पण सारा जन्म धुळ्याला एका जिनिंग फॅक्टरीत देखरेखीच्या कामावर गेला. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, असा तो कारखाना; आमच्याकडे त्याला नुसतं जिन म्हणतात. दिवाळी झाली की गाड्यांमागून गाड्या कापूस येऊन पडायचा, आवारात पांढरे डोंगर उभे राहायचे. आता हे लक्षात घ्या, की जिनमध्ये श्वासातसुद्धा कापूस असतो. तिथे एक ठिणगी म्हणजे सारा हंगाम स्वाहा. म्हणून फाटकावरचा वॉचमन आत येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपायचा, काडेपेटी आणि बिडीबंडल काढून पत्र्याच्या पेटीत टाकायचा आणि सुटी झाली की परत द्यायचा. मालकाचा जावई आला तरी हाच नियम. कोणाला तल्लफ आली तर त्याने फाटकाबाहेर जायचं, रस्ता ओलांडायचा, पलीकडे उभं राहून ओढायची आणि चूळ भरून परत यायचं. ज्या माणसाला घटकेघटकेला बिडी लागे, त्याने जन्मभर नोकरी करावी ती जिथे काडी पेटवणं हा खुनाच्या खालोखालचा गुन्हा होता, अशा जागी. यातली गंमत आबांना स्वतःला कधीच दिसली नाही.

त्या नोकरीने त्यांचं वळणच वेगळं घडवलं. जळलेली काडी ते कधीही फेकत नसत. विझवून, बोटांनी चुरून, थुंकी लावून परत पेटीतच ठेवत. त्यामुळे आबा जळगावला आमच्याकडे मुक्कामाला आले की माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या काडेपेट्यांत मेलेल्या काड्या मिसळलेल्या असत, आणि सकाळी स्टोव्ह पेटवताना मी डोळ्यांवर झोप घेऊन त्या एकामागून एक ओढत बसे. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणत, आणि माझ्यामुळे तुमच्या आजोबांना मास्तर. तक्रार केली की म्हणायचे, "मास्तरीणबाई, फेकेल काडी कोठे जाईसन पडी, काय सांगता येस?" जळका वास तर त्यांना दोन कोसांवरून येई. एकदा धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी एसटी थांबवायला लावली, भरलेली गाडी खाली उतरवली, ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावलं, आणि शेवटी निघालं काय, तर मागच्या बाकावरच्या एका बाईने लेकीसाठी टोपलीत नेलेली भरताची भाजलेली वांगी. बाई गाडीभर लोकांसमोर रडवेली झाली. आबांनी तिची माफी मागितली नाही; वांगी चांगली भाजली आहेत, एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगितलं.

नरडाण्याला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, तेव्हाची गोष्ट याहून वरची. होम पेटला, भटजींनी तुपाची पळी सोडली, तसे आबा वाळूने भरलेली बादली घेऊन नवरदेवाच्या पाठीशी येऊन उभे राहिले. अंगावर नवा फेटा, कानावर न पेटवलेली बिडी, हातात बादली आणि नजर जाळावर. विधी संपेपर्यंत हलले नाहीत. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या खांद्यामागे ते आणि ती बादली आहे. वरपक्षाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी अक्कांना हळूच विचारलं, की ही तुमच्याकडची काही रीत आहे का? अक्कांनी डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "हो, आमच्याकडे असंच करतात." अक्का अशाच. नवऱ्याची बाजू झाकायची वेळ आली की त्या इतक्या शांतपणे खोटं बोलत, की खरं बोलणाऱ्यालाच संकोच वाटावा.

आबांचा खोकला हा घरातला स्वतंत्र माणूस होता. तो त्यांच्या आधी दारातून आत यायचा आणि ते उठून गेल्यावरही ओसरीवर थोडा वेळ बसून असायचा. बिडीमुळे खोकला होतो हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांच्या मते खोकला आधी येतो आणि बिडी त्याला हलवून बाहेर काढते. तरी दर वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ते बिडी सोडत. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींनी माहेरी येण्याचा, झोके बांधण्याचा मोठा सण. त्या हसत्या-खेळत्या घरात बिडी सोडलेले आबा म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवत, म्हणजे मिठाच्या जागी साखर जाई. रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याला वाक्यावाक्याला खोटं पाडत. झोक्यावरच्या लेकींना "दोर कच्चा शे" म्हणून खाली उतरवत आणि दोर कापूनच टाकत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अक्का पदर सावरून कोपऱ्यावरच्या दुकानात जात, बंडल आणत आणि त्यांच्यापुढे ठेवत. "घ्या, आणि माणसांत या," एवढंच म्हणत. मी हे कानांनी ऐकलेलं आहे, एकदा नव्हे, बऱ्याच आखाज्यांना.

आता फंडाकडे येते. माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात मुंबईच्या खेपा आणि दवाखाना यांत घरातलं होतं नव्हतं ते गेलं. तेव्हा तुमच्या आजोबांनी ठरवलं, की भावंडांनी मिळून आजारपणाचा एक फंड काढायचा. घरातल्या माणशी दर महिन्याला काही ठरावीक रक्कम, आणि जो आजारी पडेल त्याचा दवाखाना त्यातून. आरोग्य विमा नावाची गोष्ट तेव्हा आमच्यासारख्यांपर्यंत पोचलेली नव्हती. विमा म्हणजे माणूस मेल्यावर मागच्यांना मिळतो तो, एवढंच लोकांना माहीत. वर्षातून एकदा, थंडीत, आमच्याकडे जळगावला बैठक भरे. आधी भरीत आणि कळण्याची भाकरी, मग हिशेब, मग भांडण. इतिवृत्त मी लिहीत असे, कारण मी लिहिलं नसतं तर कोणीच लिहिलं नसतं.

या फंडातले सर्वांत काटेकोर सभासद म्हणजे माझे धाकटे दीर, म्हणजे धाकटे भावजी, तुमचे छोटे आजोबा. पाटबंधारे खात्यात होते. पहाटे सूर्यनमस्कार, चहा वर्ज्य, सुपारी वर्ज्य. लग्नात कोणी विडा दिला तर तो कपाळाला लावून परत ताटात ठेवत. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्यांनी ठराव मांडला, की जो माणूस कळूनसवरून शरीर बिघडवतो, त्याने फंडात दुप्पट भरावं. बाकीच्यांनी त्याच्या व्यसनाचा भार का सोसावा? बोलताना ते छताकडे बघत होते, पण त्यांच्या मनात एकच माणूस होता आणि तो माणूस समोरच बसून भरीत खात होता. अक्कांनी मान खाली घालून आबांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तुमच्या आजोबांनी घसा साफ केला. आता काहीतरी होणार, म्हणून मी पेनाचं टोपण लावून ठेवलं.

आबा हात धुऊन आले आणि उभे राहून म्हणाले, की ठराव बरोबर आहे. मग त्यांनी सांगितलं, की दर हंगामाच्या आधी विम्याचा साहेब जिन बघायला येतो. पाण्याचं टाकं कुठे आहे बघतो, वाळूच्या लाल बादल्या मोजतो, फाटकावर स्वतःचे खिसे तपासून घेतो. आणि तरीही जिनचा विमा किराणा दुकानापेक्षा महाग असतो. मालक भरतो, त्यात कसली लाज? ज्याच्याकडे कापूस जास्त, त्याने जास्त भरायचं. "मी जिन शे," आबा छातीवर थाप मारून म्हणाले, "मन्हं डबल लिखा." थाप जरा जोरात बसल्यामुळे त्यांना खोकला आला आणि ठराव खोकल्यातच मंजूर झाला.

पण विम्याचा साहेब एकदा अंगात शिरला तो लवकर निघेना. आबांनी तिथेच एकेकाची तपासणी सुरू केली. धाकटे भावजी शीघ्रकोपी, त्यांच्या डोक्यात सदा रुई भरलेली, त्यांचे दीडपट. तुमचे आजोबा शेवभाजीचा तर्रीचा थर भाकरीने पुसून खातात, त्यांचे सव्वापट. मी पेपर तपासायच्या दिवसांत जेवण विसरते, मलाही काहीतरी लागू. धाकटे भावजी खरोखरच संतापले, आणि संतापले म्हणून आबांनी त्यांचे पावणेदोनपट केले. दुपार सरली तरी कोणी उठेना. मी इतिवृत्तात लिहिलं, "चर्चा झाली."

तेव्हापासून आबा स्वतःला फंडाचे डबल मेंबर म्हणवू लागले. डबल मेंबर म्हणून त्यांना भरीत दोनदा लागे. मतदानाच्या वेळी ते दोन्ही हात वर करत, आणि धाकट्या भावजींनी हरकत घेतली की विचारत, की मग पैसे दोनदा का घेता? एकदा तुमच्या आजोबांनी त्यांची थट्टा केली. म्हणाले, आबा, खरं तर तुम्ही निम्मेच भरायला हवेत. तुम्ही लवकर जाणार, फंडाला तुम्ही स्वस्तात पडणार. सगळे हसले. आबा हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "मरनं सस्तं शे, मास्तर. मराले जो टाईम लागस ना, तो महाग शे." माझ्या सासऱ्यांचं आजारपण सगळ्यांना आठवलं असावं; तुमच्या आजोबांनी हिशेबाची वही पुन्हा उघडली.

अशी काही वर्षं गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा उन्हाळा असेल, मी बिबड्या करायला धुळ्याला गेले होते. ज्वारीच्या पिठाचा मोठा हंडा शिजवायचा, घोटायचा आणि उन्हात बिबड्या थापायच्या, हे काम अक्कांच्या हाताखाली आम्ही सगळ्या बायका करत असू. त्या घोटायला लागल्या की कोणाला हंड्याजवळ येऊ देत नसत. त्या वर्षी त्यांनी चाटू माझ्या हातात दिला आणि बाजूला जाऊन पाटावर बसल्या. वाफ सोसत नाही म्हणाल्या. नंतर पाहिलं, तर गच्चीच्या जिन्यात त्या कठड्याला धरून उभ्या होत्या आणि मला काहीतरी सांगता सांगता मध्येच थांबल्या होत्या. ओठ हलत होते, पण वाक्याला लागणारी हवा पुरत नव्हती. वय झालं, म्हणाल्या. माझ्याहून त्या काही फार मोठ्या नव्हेत.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. आबाही आले, पण तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले. डॉक्टरांनी बराच वेळ छाती तपासली, फोटो पाहिला आणि विचारलं, की तुम्ही कधी बिडी, तपकीर, मिसरी काही? अक्का म्हणाल्या, नाही. घरात कोणी ओढतं का? "नाही, कोणी नाही," अक्कांनी सांगितलं, त्याच नरडाण्याच्या शांत आवाजात. दाराबाहेर आबांचा खोकला चालूच होता. डॉक्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अक्कांना वजन करायला पाठवून मला सांगितलं, की फुप्फुसं बिडी ओढणाऱ्या माणसासारखी झाली आहेत. चुलीचा धूर असेल, घरातला असेल. उपचार करू, श्वासाचा पंप देऊ, नाशिकला पाठवू. पण या बाई धुरात राहिल्या तर कशाचाही उपयोग नाही. एक तर घरातला धूर जायला हवा, नाही तर या बाईंनी ते घर सोडायला हवं.

परतताना आबा सायकलने पुढे गेले आणि आम्ही दोघी रिक्षात होतो. मी विचारलं, अक्का, खोटं का सांगितलंत? त्या थांबत थांबत म्हणाल्या, "बंडल मीच आणून देत आले ना गं. आता परक्या माणसासमोर त्यांनाच तेवढं उभं करू?" मी म्हटलं, मग जळगावला आमच्याकडे चला. त्यावर त्यांनी फक्त "आणि ते?" एवढं विचारलं, आणि आबांना यातलं काही कळता कामा नये, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल केलं. त्या वयात नवरा-बायकोची ताटातूट करायची, की एकीचा श्वास कोंडू द्यायचा, यातलं निवडायला मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

नाशिकच्या खर्चासाठी फंडाची बैठक त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडालाच बोलवावी लागली. भरीत नव्हतं, नुसता चहा होता. पैसे द्यायचे यावर कोणाचं दुमत नव्हतं. धाकटे भावजी वाईट मनाचे नव्हते, सरळ रेषेचे होते इतकंच. त्यांनी डॉक्टरांचा कागद वाचला आणि स्वतःशीच बोलावं तसं विचारलं, की फुप्फुसं धुराने बिघडली असतील, तर हे प्रकरण साध्या दराचं की दुप्पट दराचं? मग म्हणाले, की काहीही असो, अक्कांनी आता कायमचं जळगावलाच राहावं, हे उत्तम. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपबश्या गोळा करायला लागले.

आबांनी कानावरची बिडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि खिशात ठेवली. मग उभे न राहताच म्हणाले, "लिखी ल्या, मास्तरीणबाई. तिले बी डबल लिखा. मी पेस तवय ती बी पेसच ना." म्हणजे, मी ओढतो तेव्हा तीही ओढतेच की.

पुढचं ते खाली बघत बोलले. डॉक्टरांच्या दारापाशीच बसलो होतो, म्हणाले. घरात कोणी ओढत नाही, हे अक्कांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. तिचं दुप्पट आजपासून नको, फंड सुरू झाला तेव्हापासूनचं धरा, असंही ते म्हणाले. धाकट्या भावजींनी चष्मा काढला. "राहू द्या आबा, मी तसं म्हटलं नाही," असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. आबा ऐकेनात. ज्यांनी नियम आणला ते तो मागे घ्या म्हणत होते आणि ज्यांच्यासाठी आणला ते तो लागू करा म्हणून हटून बसले होते. शेवटी अक्काच म्हणाल्या, की मला झोप येते आहे, तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा. आबांनी त्यांना इतकंच सांगितलं, की नाशिकहून सुटी मिळाली की जळगावला जायच्या आधी एकदा धुळ्याला घरी ये, आणि मग काय ते ठरव.

आम्ही अक्कांना घेऊन धुळ्याला गेलो, तर घराच्या फाटकाला पत्र्याची पेटी ठोकलेली होती. शेजारी दोन लाल बादल्या, वाळूने भरलेल्या. आबा खाकी शर्ट घालून फाटकात उभे. त्यांनी तुमच्या आजोबांचे खिसे चाचपले; देवळातल्या उदबत्तीसाठी ठेवलेली काडेपेटी निघाली, ती पेटीत गेली. माझी पर्स उघडून पाहिली. अक्कांना मात्र हाताने बाजूला वाट करून दिली. आत गेलो तर घर ओळखू येईना. भिंतींना चुना, पडदे नाहीसे, गाद्या नव्याने पिंजून भरलेल्या, चूल मोडलेली आणि तिच्या जागी गॅसची शेगडी. ओसरीवर नेहमी बसून असणारा तो वास नव्हता. अक्का खोल्याखोल्यांतून फिरल्या आणि पलंगावर बसल्या. जळगावचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि त्यांची पिशवी मीच आत नेऊन ठेवली.

गोष्टीत इथे बिडी सुटलेली लोकांना आवडेल. ती सुटली नाही. घराला जिनचा नियम लागला, इतकंच. आबा तल्लफ आली की फाटकातल्या पेटीतून बंडल घेत, रस्ता ओलांडून समोरच्या मोकळ्या प्लॉटवरच्या लिंबाखाली जात, अंगातला शर्ट फांदीला टांगून दुसरा जुना चढवत, ओढत, नळावर चूळ भरत, तोंड धूत, शर्ट बदलत आणि मग आत येत. धुळ्याचं वैशाखातलं ऊन तुम्हाला माहीत नाही. त्यात डोक्यावर ओला टॉवेल घेऊन उभे राहत. पावसात छत्री घेऊन. भाजीवाला, मीटर बघणारा, सगळ्यांचे खिसे तपासले जात. आबांच्या धाकट्या लेकीचे यजमान सिगारेटचं पाकीट द्यायला तयार होईनात, सासरा पाहुण्याची झडती घेतो म्हणून रुसून बसले. आबा त्यांना म्हणाले, "कापूसले कान नहीत, जावईबापू. सांगीसन समजत नही त्याले." जावईबापूंचा चहा फाटकाबाहेरच झाला. अक्का खिडकीतून हे बघत आणि चिडत. एवढे हाल करून घेता, त्यापेक्षा सोडून का देत नाही, असं एकदा माझ्यासमोरच त्यांनी विचारलं. आबांनी टॉवेल पिळून खांद्यावर टाकला. "सोडता येती तं कधीच सोडी देतू," म्हणाले.

अक्कांचा दमा गेला नाही, पण उताराला लागला. आबांचे पाय आधी गेले. रस्ता ओलांडणं होईना, मग फाटक गाठणं होईना. घरात ओढायची नाही हा नियम होताच, त्यामुळे बिडी आपोआप थांबली. तिला सोडण्याचं श्रेय कोणालाच मिळालं नाही. शेवटच्या हिवाळ्यात ते फार तळमळत, तेव्हा अक्काच म्हणाल्या, की एक ओढा इथेच, मी शेजारी जाऊन बसते. आबांनी मान हलवून नाही म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. डबल मेंबर म्हणून इतकी वर्षं भरलं, पण स्वतःसाठी फंडातून त्यांनी जवळजवळ काहीच घेतलं नाही. यावरून काही सिद्ध होत नाही, असं धाकटे भावजी तेराव्याला म्हणाले, आणि ते खरंच आहे.

तर अमेय, जास्त पैसे घेणं बरोबर आहे का? नियम म्हणून बरोबर असेल. मी जन्मभर शाळेत नियम लावले, मला नियमांचं वावडं नाही, आणि आबांनी तर तुझ्या ऑफिसच्या बाजूने दोन्ही हात वर केले असते. माझी अडचण एवढीच, की तुमच्या त्या विम्यात ओढणाऱ्याचं नाव लिहितात, त्याच्या शेजारी बसून भाकरी वाढणाऱ्या माणसाचं लिहीत नाहीत. ते कसं लिहायचं हे मला अजून कळलेलं नाही. इतक्या बैठका झाल्या, पण कळलं नाही, आणि आता नवी बैठक भरवण्याइतकी ताकद माझ्यात नाही.

आबा गेले, मग तुमचे आजोबा गेले, धाकटे भावजीही गेले. फंड पुढच्या पिढीने बंद केला. आता ज्याच्या त्याच्या नोकरीचा विमा आहे. अक्का मात्र आहेत. धुळ्याला त्याच घरी असतात, सकाळ-संध्याकाळ पंप घेतात, आणि ऐकू चांगलं येतं. हे त्यांनाच विचारायला फोन करायचा तर दुपारी चारनंतर करा; त्याआधी त्या झोपलेल्या असतात.